एकशे सतरा नंबरचं सागवानी दार

...नाय पण माझं चुकलं कुठं, तुमीच सांगा! सगळ्या वस्तीला सर्व्हेचे नंबर पडले, सगळ्यांची नावं यादीत, त्यांना पक्की रूम मिळणार, घरात नळ, घरातच संडास... आणि आमी लोंबकळतोय! कशापायी? दारापायी! आणि दार म्हणजे, तुमाला सांगते, सागवानी दार!

आमचं घर नवीन पनवेलच्या रुळांपलीकडं. चार पत्रे नि वर ताडपत्री. माझा नवरा चांगो तोडकामाला जातो. दुसऱ्या एका वस्तीवर बुलडोझर फिरला, तिथून हा बाबा दार डोक्यावर घेऊन चालत आला! शेजारची सत्यवती लगेच, "काय गं सखू, वरून पत्रा गळतोय नि खाली सागवान?" जळते मेली!

तर दारावर पांढऱ्या ऑइलपेंटनं मोठ्ठा ११७. रॉकेलनं घासला, राखेनं घासला, निघतोय कुठं! म्हटलं, असू दे, बंगल्यांना नसतो का नंबर? दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला! मला काय ठाऊक, तो तिकडच्या सर्व्हेचा नंबर हाय ते!

आणि गेल्या महिन्यात आमच्यात सर्व्हे आला! मी सकाळपासून डोक्यावरून न्हाऊन, आधारकार्ड छातीशी धरून उभी. सर्व्हेवाला आला, चष्मेवाला, हातात मशीन, दाराकडं बघितलं नि म्हणतो कसा, "एकशे सतरा? मावशी, तुमचं झालंय."

"काय झालंय रे?"

"सगळंच. रूम मिळाली, तिसरा मजला. चावीपण दिलीय."

"अरे पण कुणाला दिलीस?"

"एकशे सतराला!"

घ्या! म्हटलं, "पूस हा, नि नवा टाक." तर म्हणे, "सरकारी नंबर पुसता येत नाही. आणि एका दारावर दोन नंबर मशीन घेत नाही." दार म्हणजे, तुमाला सांगते, सागवानी दार, पण त्या घडीला वाटलं, चुलीत घालावं!

पण मी पण सखूबाई! दुसऱ्या दिवशी तो परत येणार म्हटल्यावर चांगोला सांगितलं, काढ दार! बिजागऱ्या उचकटल्या, दार सत्यवतीच्या घरामागं लपवलं, आणि आमच्या दाराला लावलं गोणपाट. आला चष्मेवाला!

"मावशी, दार कुठंय?"

"नाय आमाला दार! गरीब माणसं आमी!"

"अरेरे! दार नसलं तर घरात कुणी राहतं असं धरत नाहीत. नंबर टाकू कशावर, गोणपाटावर?"

"टाक माझ्या कपाळावर!" म्हटलं. हसला मेला नि गेला पुढं! रडूच आलं हो मला. बारा वर्षं राहतोय आमी हितं, आणि हा म्हणतो कुणी राहत नाय!

तेवढ्यात पलीकडून सत्यवती, "सखू, तुझं दार आणू का गं परत? आमची कोंबडी अडकलीय त्याच्याखाली!"

बसवलं परत. काय करता! आता रोज कडी लावताना हात जोडून सांगते त्याला, बाबा रे, तुझं तर झालं, तुझी तिसऱ्या मजल्यावर रूम हाय... र्‍हायला गेलास की आमाला चार दिवस पावणे म्हणून तरी बोलाव!