उतारावरच्या सात शेकोट्या

छाया: दव नाही ते, नाना. राख आहे. पानावर बोट फिरवून बघा.

खंडेराव: असंल. शेकोट्या केल्या ना पहाटे. मोबाइल चार अंश दाखवत व्हता.

छाया: या बागेत? कुठे कुठे केल्या?

खंडेराव: खालच्या चार ओळींत. सात केल्या. छाटणीच्या काड्या रचल्या, वरून ओला पालापाचोळा टाकला, म्हंजे धूर धरतो. वर बी करणार व्हतो, पण हा चढ. गुडघे ऐकंनात.

छाया: ओला पाला टाकला वरून.

खंडेराव: अगं, धुराचंच तर पांघरूण असतं. खालच्या सपाटीला थॉम्सनमधी तीस वर्षं हेच करतोय मी. तुझी सासू कंदील धरायची. मणी तडकत नाय त्यानं.

छाया: थॉम्सन खायची द्राक्षं, ती लोक धुऊन खातात हो. ही वाइनची द्राक्षं आहेत. धूर सालीत शिरला की धुऊन जात नाही, रस आंबला की वर येतो. जळक्या वासाची वाइन कोण घेणार?

खंडेराव: हे मला कोणी सांगितलं?

छाया: मी सांगितलं होतं. या बागेला थंडी लागू द्या, काही करू नका, असं दिवाळीपासून सांगतेय.

खंडेराव: तू म्हनली थंडी चांगली. मला वाटलं, सून शिकलेली हाय, पुस्तकातलं बोलती. गव्हाला चांगली, हरभऱ्याला चांगली. द्राक्षाला थंडी म्हंजे वैरीण.

छाया: खाली वैरीण. इथे नाही. खाली सपाटीला गार हवा साचून राहते, म्हणून तिथे मणी तडकतात. इथे उतार आहे, ती थांबत नाही. आणि दुपारी तीनला सूर्य डोंगराआड जातो. थॉम्सन उन्हात तापत असतं तेव्हा इथे सावली. म्हणून या द्राक्षांत साखर भरते तरी आंबटपणा उडून जात नाही. पांढऱ्या वाइनला तोच तर लागतो. याच्यासाठी चार वर्षं पहारीने खड्डे खणले मी, नाना. माती कमी आणि दगडच जास्त. तुमचा मुलगा मनमाडहून रविवारी यायचा तेव्हा तो पण खणायचा.

खंडेराव: मी बी खणलेत.

छाया: हो. तुम्ही पण खणलेत.

खंडेराव: एक सांगू का? तुझं लगीन व्हायच्या आदल्या साली अशीच थंडी पडली व्हती. मी म्हनलं, आजची रात निघंल, आणि गोधडी वढून झोपलो. सकाळी जाऊन बघतो, तर तीन एकर फुटलेलं. घड धरला की रस हाताला. तवापासून पारा उतरला की मला झोप येत नाय. काल तुझी बाग दिसली समोर, उघडी पडलेली. मला राहवलं नाय, पोरी.

छाया: मला राग आलाय, नाना. तुमच्यावर चिडावं तर चिडताही येईना. आज ज्योत्स्ना मॅडम येणार आहेत, साखर मोजायला.

खंडेराव: त्या कारखान्यातल्या? वाइन बनवनाऱ्या?

छाया: त्याच. आजवर आपला माल ते इतरांच्या सपाटीवरच्या वाइनच्या द्राक्षांत मिसळत होते. यंदा पहिल्यांदा म्हणाल्या, उताराच्या द्राक्षांना वेगळी टाकी देते, बाटलीही वेगळी. ती बघा, गाडी वळली. असं करा, पाटीत राख भरा पटकन. मी पाइप लावून पानं धुते. त्यांना काही बोलू नका.

खंडेराव: धुऊन जात नाय म्हनलीस ना आत्ताच?

छाया: दिसणार तरी नाही.

खंडेराव: मग दोन महिन्यांनी त्यांच्या टाकीत दिसंल. मंग तुझ्या मालाला कोण हात लावील? राहू दे राख. मी बोलतो.

छाया: नाना, नका.

ज्योत्स्ना: नमस्कार छायाताई. नमस्कार नाना. काय चढ आहे हो तुमचा, दर वेळी दमते मी. चेहरे का असे?

खंडेराव: मॅडम, चूक माझी हाय. हिला ठाऊक नव्हतं. पहाटे खालच्या चार ओळींत शेकोट्या पेटवल्या मी, ओला पाला घालून. तासभर धूर व्हता.

ज्योत्स्ना: अरे देवा.

छाया: वरच्या चौदा ओळींत केल्या नाहीत, मॅडम.

ज्योत्स्ना: पेटवल्या कुठे ते तितकंसं महत्त्वाचं नाही, ताई. धूर कुठे गेला ते महत्त्वाचं. नाना, तुम्ही इथेच होतात ना? धूर वर चढला का?

खंडेराव: तेच तर. धूर वर जातो म्हंत्यात. हा लोळत लोळत खाली गेला, थॉम्सनच्या मांडवात. मला वाटलं वारा फिरला. माघारी जाताना थॉम्सनमधी मलाच ठसका लागला.

ज्योत्स्ना: नक्की? नीट आठवून सांगा.

खंडेराव: मी तिथंच उभा व्हतो, मॅडम. वर चांदण्या साफ दिसत व्हत्या.

ज्योत्स्ना: वारा नव्हता तो, नाना. पहाटेची गार हवा जड असते, उतारावरून खाली घसरते. धूरही तिच्याबरोबर गेला असेल. असेल म्हणतेय हं, खात्री देत नाही. नुसते मणी चाखून हे कळायचं नाही. खालच्या, मधल्या आणि वरच्या ओळींतले घड घेऊन जाते. तीन बादल्यांत वेगवेगळे आंबवते, लॅबलाही पाठवते. तोवर टाकीचा शब्द मी देऊ शकत नाही.

छाया: आणि आलाच वास तर?

ज्योत्स्ना: तर यंदा आमच्याकडे नाही घेता येणार. खोटं कशाला बोलू? पण आज सांगितलंत ते बरं केलंत. टाकी भरल्यावर कळलं असतं तर आपली ओळखच संपली असती.

(अकरा दिवसांनी, सकाळी. बागेच्या बांधावर तीन बाटल्या आणि तीन ग्लास.)

ज्योत्स्ना: कुठली कुठल्या ओळींची ते आत्ता सांगत नाही. गढूळ आहे, गाळलेली नाही, रंगाकडे बघू नका. घ्या ताई.

छाया: माझ्याच्याने नाही होणार. रात्रभर उशीलासुद्धा धुराचा वास येत होता मला. मी काहीही सांगेन.

ज्योत्स्ना: मग नाना, तुम्ही.

खंडेराव: मी? मी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाय कधी.

ज्योत्स्ना: पिऊ नका. नुसता वास घ्या. धूर तुमचा आहे, तुम्हाला ओळखू येईल.

खंडेराव: आता चेष्टा करा म्हाताऱ्याची. आना इकडं.

छाया: सावकाश, नाना.

खंडेराव: ही... ही खराब झाली. पेटत्या चुलीवर पाणी सांडल्यावर येतो, तसला वास. कोणाला कशाला विचारायचं.

छाया: आणि दुसरी?

खंडेराव: थांब. हिच्यात नाय. कैरी फोडल्यासारखं येतंय. चीक असतो ना देठाशी, तसं.

ज्योत्स्ना: तिसरी घ्या.

खंडेराव: ह्या तिसरीत बी नाय.

छाया: परत बघा. घाई करू नका.

खंडेराव: अगं, बघितलं. पेरूचं पान चुरगाळल्यावानी वास हाय. तोंडाला पाणी सुटलं, थेंब न घेता. धूर नाय, छाया. आईशप्पथ नाय.

ज्योत्स्ना: पहिली खालच्या चार ओळींची. दुसरी मधल्या, तिसरी अगदी वरच्या. मी काल चाखल्या तेव्हा मलाही हेच वाटलं, आणि लॅबचा कागदही संध्याकाळी आला. तोही हेच म्हणतोय.

छाया: म्हणजे वरच्या चौदा...

ज्योत्स्ना: चौदाच्या चौदा साफ. या उताराने वाचवलं तुम्हाला. परवा पहाटे सहाला तोडणी धरा, ऊन चढायच्या आत क्रेट माझ्याकडे पोचले पाहिजेत. टाकी धुऊन ठेवली आहे. रडू नका हो ताई, मलाही येईल.

छाया: रडत नाहीये. बसते जरा.

खंडेराव: पाणी पी. मॅडम, त्या खालच्या चार ओळी?

ज्योत्स्ना: त्या नाही घेता येणार, नाना.

खंडेराव: नकाच घेऊ. पाखरांना राहू द्या. त्यांना वासाचं काय. छाया, ते नुकसान माझ्याकडून झालं. मला लागलंय ते.

छाया: मलाही लागलं. चार ओळी म्हणजे थोड्या नाहीत. पण तुम्ही त्या दिवशी गप्प बसला असतात, तर मीही गप्प बसले असते. टाकी हातची जाईल या भीतीपोटी मी काय करायला निघाले होते, ते मला आत्तापर्यंत टोचतंय.

खंडेराव: जाऊ दे गं.

छाया: ही गार हवा कुठून येते, कुठे उतरते, मी चार वर्षं कागदावरच वाचलं. तुम्ही तिथे उभं राहून बघितलंत. पुढच्या साली पारा उतरला की माझ्याबरोबर वर याल का? आणखी दहा ओळी लावायच्या आहेत, त्या कुठे बसवायच्या ते मला दाखवा.

खंडेराव: गुडघ्याचं काय करू?

छाया: हात धरीन की.

खंडेराव: आणि तिथं जाऊन करायचं काय? शेकोटी नाय, पानी नाय, झाकनं नाय.

छाया: काहीच नाही. नुसतं बघायचं.

खंडेराव: थंडीत नुसतं बघत उभं राहायचं, हे मला जमंल का नाय, ठाऊक नाय. पण येईन मी.