उष्टी हळद आणि अनुश्रीचा गाल

सन्माननीय अध्यक्षा मंदाकिनीताई, रेल्वेतून निवृत्त झालेले आणि आता दर कार्यक्रमाले प्रमुख पाहुणे म्हणून मिळणारे यशवंतराव, आज आपण ज्यांले निरोप देऊन राहिलो ते सौंदर्यतज्ज्ञ डॉक्टर सुशील, मैत्रेयी भगिनी मंडळाच्या मंचावर बसलेल्या आणि मंचावर जागा नाही मिळाली म्हणून तोंड पाडून खाली बसलेल्या सगळ्या पदाधिकारी, आणि मागून मसालेभाताचा वास येऊन राहिला तरी जागेवर टिकून असलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सगळ्यांले गोदूचा नमस्कार.

मी गोदू. चौबे कॉलोनीत पापड-कुरड्या करून विकते. चौथीपर्यंत शाळेत गेली, म्हणजे मास्तरांनी चौथीपर्यंत सहन केलं. आपल्या मंडळात आभार मानायची पाळी मोहल्ल्यामोहल्ल्यानं फिरते हे तुमाले माहीत आहे. यंदा आमची पाळी. दरवेळी मी ती दुसरीच्या गळ्यात घालून मोकळी होते. यंदा मंदाकिनीताई स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, "गोदू, तुले त्रास नको, दुसरी कोणी बोलेल." मी म्हटलं, त्रास कसला ताई, यंदा मीच बोलते. मग त्यांनी चार ओळी लिहून दिल्या. चांगल्या आहेत. त्यात डॉक्टरले "सौंदर्याचे शिल्पकार" म्हटलं आहे. तो कागद मी घरी पापडाच्या पिठाच्या डब्याखाली ठेवून आली. डबा डुगडुगत होता.

आता आभार. पहिले डॉक्टरसाहेबांचे, ते वेळ काढून आले म्हणून. हे मी मनापासून बोलून राहिली. डॉक्टर सुशील यांचा वेळ मिळणं किती कठीण आहे हे माझ्याएवढं या हॉलमध्ये कोणाले माहीत नाही. मी त्यांच्या दवाखान्यात जाऊन जाऊन तिथल्या सोफ्यावर खड्डा पाडला. काउंटरवरची पोट्टी दरवेळी म्हणे, "मौसीजी, सर प्रोसीजर में हैं." एक दिवस सर काचेच्या मागे समोसा खाऊन राहिले होते. मी म्हटलं, बेटा, ये कौन सा प्रोसीजर है? ती म्हणाली, "मौसीजी, टेन्शन मत लो, सब घुल जाएगा."

डॉक्टर, उठू नका. अंगावर शाल, मांडीवर नारळ, गळ्यात हार. सत्कारमूर्तीनं आभार होईपर्यंत उठायचं नसते, मंडळाची पद्धत आहे. मी म्हणूनच यंदा पाळी सोडली नाही. तुम्ही दहा मिनिटं एका जागी बसून माझं ऐकाल अशी जागा साऱ्या रायपुरात मले हीच सापडली.

काय घुलणार होतं ते सांगते. नवीन लोकही आले आहेत, त्यांले काहून कोड्यात ठेवायचं?

समोर तिसऱ्या रांगेत निळ्या साडीत, गालाले पदर लावून बसली आहे ती अनुश्री. माझ्या बहिणीची पोट्टी. बहीण गेली तेव्हापासून माझ्याजवळच आहे. सदर बाजारात सोनाराच्या दुकानात काउंटरवर बसते. गिऱ्हाईक हार गळ्याले लावून आरशात पाहते तेव्हा हिनं हसून "खूप छान दिसते दीदी" म्हणायचं, ही तिची नोकरी. चौतिसाव्या वर्षी तिचं लग्न जुळलं. मुलगा विहंग, आपल्या मंदाकिनीताईंचा. म्हणजे अध्यक्षा आमच्या विहीणबाई होणार होत्या. टाळ्या नका वाजवू, पुढं ऐका.

साखरपुड्याचे फोटो आले. ताईंनी फोटो पाहिले आणि म्हणाल्या, "पोरगी गोड आहे गं, पण गाल उतरले आहेत. थकलेली दिसते." अरे, चौतीस वर्षांची बाई दिवसभर उभी राहून दुसऱ्याचे दागिने दाखवते, थकलेली नाही तर काय न्हालेली दिसेल? पण नाही. रायपूर राजधानी झालं ना! आधी आपल्याकडे लोक गुडघे दुखले तर डॉक्टरकडे जात. आता मंत्र्याच्या बंगल्यासमोरून रस्ता गेला म्हणून आपले गालही चौपदरी पाहिजेत. ताईंनी तिले डॉक्टर सुशीलकडे पाठवलं. अर्ध्या तासाचं काम, ना कापणं, ना टाका.

धागा भरायचा असतो म्हणे. साधा धागा नाही, काटेरी. आता मी त्या धाग्याची निंदा नाही करणार. माझी पिशवी काढली तेव्हा डॉक्टर विनोदिनीबाईंनी आत असाच धागा घातला होता. आपल्या त्या म्हाताऱ्या सर्जनबाई, अर्ध्या कॉलोनीची पोटं त्यांनी उघडून पाहिली आहेत. त्यांनी मले समजावलं. शेतातून चाललं की लुगड्याच्या काठाले कुसळ लागते, बरोबर? पुढं सरकते, पण मागं ओढलं तर निघत नाही. तसंच. बारीक काटे सगळे एका दिशेनं. त्यामुळे गाठ मारायची गरज नाही, धागा स्वतःच धरून राहते. पोटाच्या आत, जिथं गाठ मारायले बोट पोचत नाही, तिथं ही गोष्ट सोन्यासारखी. माझ्या पोटात त्यानं काम केलं आणि जिरून गेला. मले आजपर्यंत त्याची आठवण नाही.

तसाच काटेरी धागा कानावरच्या केसांतून गालात घालायचा आणि ओढायचा. पडदा वर ओढतो तसा गाल वर. मग मांस त्याले धरते तोपर्यंत काही दिवस गालाले हात लावायचा नाही, चोळायचा नाही, कुशीवर झोपायचं नाही, खदखदा हसायचं नाही. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. सांगितलं हे मी कबूल करते. अनुश्रीले सांगितलं आणि ताईंले सांगितलं.

आणि ताईंनी अनुश्रीले काय सांगितलं? "कोणाले बोलू नको हं. मावशीलेही नको. लोक म्हणतील, सून रिपेअर करून आणली."

ताई, घंटी वाजवू नका. वेळेची घंटी वक्त्याले असते. मी वक्ता नाही, मी आभार आहे.

तर पोट्टीनं तोंड बंद ठेवलं. मले म्हणाली, दाढ दुखून राहिली. आठवडा गेला आणि हळद आली.

इथं जमलेल्या सगळ्या बायकांले हळद माहीत आहे. आधी नवरदेवाले लागते, मग उरलेली उष्टी हळद वाजतगाजत नवरीकडे येते. ताईंच्या घरची उष्टी हळद आली, डाळीच्या पिठात, तेलात कालवलेली, घट्ट. पाच सुवासिनींनी आधी चढवली, पायापासून डोक्यापर्यंत. मग उतरवली, डोक्यापासून पायापर्यंत. आणि मग सुवासिनींचं झाल्यावर मोहल्ला सुटला. मीही चोळली. काहून नाही चोळणार? विधवा मावशी म्हणून पाचांत नव्हती, पण नंतरच्या धिंगाण्यात कोणाची परवानगी लागते? हात भरून घेतली आणि कानापासून हनुवटीपर्यंत खाली ओढली, चांगली दाबून.

पोट्टी दात आवळून बसली होती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. आम्ही काय म्हटलं?

"बघा बघा, माहेर सुटून राहिलं म्हणून रडते!"

"लाजते पोट्टी, अजून लावा!"

"गाल लाल होईपर्यंत सोडू नका रे तिले!"

आणि ताई समोर खुर्चीवर बसून कैरीचं पन्हं पिऊन राहिल्या होत्या. त्यांले माहीत होतं. साऱ्या मांडवात त्या एकट्याच होत्या ज्यांले माहीत होतं. "गालाले नका लावू" एवढंच म्हणायचं होतं. चार शब्दसुद्धा नाही. कारण सांगायचं नव्हतं, तर खोटं बोलायचं होतं, फोड आली आहे म्हणायचं होतं. पण नाही. पन्ह्यात साखर कमी आहे, हे मात्र बोलल्या.

दुसऱ्या दिवशी डावा गाल सुजला. कानासमोर बारीक टोक बाहेर आलं, माशाच्या काट्यासारखं. गालाच्या मध्ये खळगा पडला, आणि ती खळी नव्हे हो, कोणी आतून चिमटा धरून ठेवल्यासारखा. तोंड उघडेना. तेव्हा मले कळलं की दाढ नव्हती. लग्न पुढं ढकललं. कोणी? ताईंनी. म्हणाल्या, "चेहरा नीट होऊ द्या, मग मुहूर्त पाहू." विहंग बाजूले उभा होता. मी त्याले विचारलं, बाबा, तू काय म्हणतोस? तो म्हणाला, "आई म्हणेल तसं." तो आजही आला आहे. मागे उभा राहून मसालेभाताकडे पाहून राहिला आहे. तिथं काय वाढायचं तेही आईच ठरवेल.

दुकानाच्या मालकानं अनुश्रीले काउंटरवरून उठवून मागच्या खोलीत डब्या पुसायले बसवलं. ती हसली की अर्धंच तोंड हसते. गिऱ्हाईक घाबरते म्हणे.

मी तिले विनोदिनीबाईंकडे नेलं. त्यांनी बोटानं दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "गोदूबाई, आत पू धरतो आहे. इथूनच हसण्याची नस जाते. धागा विरघळणारा असेल तर मी औषध देईन, वाट पाहू, उगाच गाल कापणार नाही. पण न विरघळणारा असेल तर वाट पाहण्यात ती नस जाईल. मला लगेच काढावा लागेल. कोणता धागा आहे, आणि वरचं टोक कुठं अडकवलं आहे, एवढं त्या डॉक्टरांना विचारा." त्यांनी स्वतः फोन केले. साहेबांनी नाही उचलले. एका डॉक्टरचा फोन दुसरा डॉक्टर उचलत नाही, मग माझ्या सोफ्यावरच्या खड्ड्याची काय कथा? आणि काउंटरवरची पोट्टी, "सब घुल जाएगा."

मग परवा ऐकलं की साहेब मोठ्या शहरात चालले. इथले गाल संपले असतील. आणि आपलं मंडळ त्यांचा सत्कार करून राहिलं.

देवीदास, माइकच्या वायरीले हात लावू नको. तुझ्या घरी लग्नात पापड माझेच होते आणि ते फुकट होते. हव, तसाच बस.

यशवंतराव, तुम्ही घड्याळ पाहून राहिले. तुमच्या गाड्या आयुष्यभर उशिरा धावल्या, आज दोन मिनिटं माझ्यासाठी थांबा.

डॉक्टर सुशील, मले तुमचा अपमान करायचा नाही. म्हणजे करायचा आहे, पण त्यासाठी आली नाही. मले तुमच्याकडून माफी नको. तुमचा हातही तिच्या गालाले नको. एक उत्तर पाहिजे. विनोदिनीबाई दवाखान्यात बसल्या आहेत, सगळी तयारी करून. पोट्टी सकाळपासून उपाशी आहे, पाणीसुद्धा नाही, म्हणून ती मसालेभाताच्या वासात पदर नाकाले लावून बसली आहे. तुम्ही सांगा आणि आम्ही जातो. धागा विरघळणारा की न विरघळणारा?

हा माइक घ्या.

काय? हे इंग्रजी झालं, डॉक्टर. "पेशंट प्रायव्हसी" का काय ते मले नाही समजत. मले चौथीचं मराठी येते, त्यात सांगा. हिंदीत सांगा, छत्तीसगढीत सांगा. जिरते की नाही?

मोठ्यानं. मागच्या लोकांले ऐकू नाही आलं.

नाही जिरत.

ऐकलं सगळ्यांनी? नाही जिरत. "सब घुल जाएगा" म्हणत म्हणत हा माणूस नारळ घेऊन गाडीत बसणार होता.

आणि वरचं टोक? बोट लावून दाखवा. स्वतःच्या डोक्याले लावा, माझ्या नाही. कानाच्या वर, केसांत, इथं. दोन्हीकडे तसंच? बरं. अनुश्री, पाहून घेतलंस ना नीट? बाईंले असंच दाखवायचं.

बसा आता. एवढ्यासाठी तुमचे आभार, तेही खरे आभार. इतके दिवस जे सोफ्यावर नाही मिळालं ते हारात बसवल्यावर मिळालं.

राहिले आभार अध्यक्षांचे. मंदाकिनीताई, तुम्ही लग्न पुढं ढकललं त्याबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी आहे. ठरल्या मुहूर्तावर झालं असतं तर पोट्टी आज तुमच्या घरात असती. काल रात्री मी तिले म्हटलं, बेटा, बाई म्हणतात नस वाचेल, पण खात्री नाही देत. विचार करून ठेव. ती म्हणाली, "मावशी, नस वाचली तर दुकानात हसीन, तुझ्याजवळ हसीन. त्या घरात जाऊन हसायचं असेल तर राहू दे." तेव्हा मुहूर्त पाहू नका. पंचांग मिटवून ठेवा. साखरपुड्याची साडी उद्या कोणाच्या हातानं पोचती करते. तुमच्या घरची हळद मात्र परत देता येत नाही, ती गालात गेली.

हॉल देणाऱ्यांचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे, माइक चालू ठेवणाऱ्या देवीदासचे आणि टाळ्या कुठं वाजवायच्या हे न कळून गप्प बसलेल्या तुम्हा सगळ्यांचे आभार. माझी भाषा खरखरीत आहे, कोणाले लागली असेल तर मोठं मन करून सोडून द्या. कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल तर त्यानं देवाचे आभार मानावेत.

जेवण तुम्ही करा. अनुश्री, पदर काढ गालावरचा आणि चल. सरळ मधल्या रस्त्यानं चल, भिंतीकडून नको. बाई वाट पाहून राहिल्या आहेत.