राजवाड्याकडे पाठ

रविवारी संध्याकाळी सातला म्हैसूरच्या राजवाड्याचे दिवे लागतात, म्हणून आम्ही सगळे फोन उंच धरून मैदानात थांबलो होतो. माझ्या पुढ्यात एक आजोबा आणि त्यांची कॉलेजातली नात होती.

“अज्जा, दुसरी जागा बघूया ना. इथून सगळेच काढतात.”

“सकाळपासून सात जागा झाल्या, सुष्मा. आता झाडावर चढायचं तेवढं राहिलंय.”

“स्पर्धेला कुणीच काढला नसेल असा फोटो पाहिजे.”

“आणि तो ह्या राजवाड्याचा? मिठाईच्या डब्यावरसुद्धा हाच आहे, अल्वा, हो की नाही?”

“चेष्टा नको. काय उरलंय ते तुम्हीच सांगा.”

“तुझ्या पणजोबांनी बघितलं, ते.”

“त्यांच्याकडे कॅमेरा होता?”

“बंदूक होती. दर दसऱ्याला इथंच पहारा, राजवाड्याकडे पाठ करून. लोक ‘आहाहा’ म्हणाले, की दिवे लागले असं समजायचं.”

“एकदाही वळून बघितलं नाही?”

“मान वळवली असती तर नोकरी गेली असती.”

“मग मी पुढे जाऊन लोकांकडे तोंड करून उभी राहते.”

“राहा. पण ताठ.”

दिवे लागले. सगळे ‘आहाहा’ म्हणाले.

“ओ ताई, जरा बाजूला व्हा!” हे मी ओरडलो. मग मागचेही ओरडू लागले.

“अज्जा, फोटोत नुसते फोनच येतायत! आणि सगळे मला हाकलतायत!”

“हलू नको. माझे वडील हलले नव्हते.”