पडद्यावरच्या बायका थकत नाहीत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे संचालक महोदय, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते नियोजन विभागाचे प्रमुख आदरणीय सर, सरांच्या सौभाग्यवती, व्यासपीठावरील मान्यवर, फोरमनकाका, सर्व विभागांतले सहकारी, वाइंडिंगच्या माझ्या ताया-मावश्या, आणि आमंत्रण नसताना येऊन मागच्या दाराशी उभी राहिलेली माझी आत्या, आपणा सर्वांना नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘तरुण सहकाऱ्यांच्या वतीने दोन शब्द’ असं छापलंय. सूत्रसंचालकांनी मघाशी कानात सांगितलं, “चांगलं चांगलं बोल आणि आटप. जेवण गार होतंय.” चांगल्यापासूनच सुरुवात करते.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मुलाखतीला आले तेव्हा माझ्याकडे ना ओळख होती ना शिफारस. सरांनी एकच प्रश्न विचारला, “रांग का लागते?” मी म्हटलं, “येणारे एकदम येतात आणि देणारा एकटा असतो म्हणून.” सर हसले आणि मला नोकरी मिळाली. हे उपकार मी विसरलेले नाही. पुढे जे बोलणार आहे ते ऐकताना आपणही हे विसरू नये, अशी विनंती आहे.

मी इथे काय करते, हे आत्याने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, “संगणकात आपला अख्खा कारखाना उभा करते. यंत्रं, ट्रॉल्या, माणसं, सगळं. बटण दाबलं की महिन्याचं काम डोळ्यांदेखत पळतं. माल कुठे तुंबेल ते आधीच कळतं.”

“म्हणजे भातुकलीच की,” आत्या म्हणाली. “आणि त्याचा पगार देतात?”

मला राग आला होता. भातुकली नव्हे, शास्त्र आहे ते! भिंत पाडायच्या आधी ती पाडून बघता येते, आणि चुकलं तर कुणाच्या डोक्यावर वीट पडत नाही. याहून सज्जन शास्त्र कुठलं? असं मला वाटायचं. अजूनही वाटतं, म्हणून तर बोलायला उभी राहिले.

आता वाइंडिंगकडे येते. आपला कारखाना पंपाच्या मोटारी करतो, आणि मोटारीचा जीव तिच्यात गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेत असतो. ते गुंडाळण्याचं काम वाइंडिंगच्या बायका करतात. माझी आत्याही तिथेच होती. त्या विभागात एक जुनी रीत होती. ट्रॉली भरली की शेजारणी-शेजारणी ट्रॉल्यांची अदलाबदल करायच्या, एकमेकींच्या कॉइल उलटून-पालटून बघायच्या. तारेवरचं वॉर्निश कुठे खरवडलंय का, वेढा कुठे सैल आहे का, ते तपासायच्या. याला त्या ‘नजर देणं’ म्हणायच्या. “ए, नजर दे गं” अशी हाक आली की दुसरी मान वर करायची. “ही कॉइल आहे की तुझ्या सासूचा अंबाडा? सोड, परत गुंडाळ.” “तुझ्या डोळ्यांत माती. दे इकडे.” तेवढ्या वेळात बोटंही मोकळी व्हायची.

मी वाइंडिंगचं संगणकातलं मॉडेल बांधलं तेव्हा ही नजर त्यात घेतली होती. काम म्हणून घेतली होती.

सरांना मॉडेल दाखवलं. पडद्यावर प्रत्येक बाईची एक छोटीशी आकृती होती. यंत्रावर हात चालू असला की ती हिरवी, यंत्र सोडलं की पिवळी.

सरांनी विचारलं, “या बायका पिवळ्या का होतायत?”

“सर, त्या नजर देतायत. ते कामच आहे. फक्त रंग बदलायचा राहिलाय.”

“यंत्र थांबलं म्हणजे काम थांबलं. काढ ते.”

“काढलं तर खराब मोटारी वाढतील, सर.”

“तुझ्या मॉडेलमध्ये खराब मोटारी दिसतायत?”

“नाही सर. तो भाग अजून बांधायचाय.”

“मग नाहीतच. काढ.”

मी काढलं नाही. सरांनी माझ्या हातातला माऊस घेतला आणि स्वतः काढलं. मग पाठीवर हात ठेवून, अगदी आशीर्वाद द्यावा तसं म्हणाले, “बाळ, तू अजून कायम झालेली नाहीस.”

ते मॉडेल याच सभागृहात, याच पडद्यावर दाखवलं गेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं हिरवंगार. टाळ्या वाजल्या. खाली माझं नाव होतं.

मित्रहो, या शास्त्राचा पहिला धडा असा आहे की मॉडेल आणि कारखाना जुळले नाहीत तर मॉडेल दुरुस्त करायचं. हा धडा मला सरांनीच शिकवला. पण खरं उत्पादन पडद्यावरच्या आकड्याशी जुळेना, तेव्हा काय झालं? आपण कारखाना दुरुस्त केला! टेबलं लांब-लांब नेली. मधे पत्रे उभे केले, म्हणजे ट्रॉली शेजारी ढकलता येऊ नये. फोरमनकाका, तुमच्याबद्दल मला आदर आहे, पण “मॉडेल चुकत नाही, तुम्ही चुकताय” हे वाक्य तुम्ही माझ्यासमोर त्या बायकांना ऐकवलं होतं. तुम्हालाही ते कुणीतरी ऐकवलंच असेल.

शेवटी आकडा जुळला. सरांना बढती मिळाली. आणि जळालेल्या मोटारी गिऱ्हाइकांकडून परत येऊ लागल्या.

तेव्हा मॉडेलला कुणी जाब विचारला का? कॉइलवर ती गुंडाळणाऱ्या बाईच्या नंबराचा बिल्ला असतो, मॉडेलवर कुणाचा असतो? बिल्ले बघून बायका शोधल्या. सापडल्या त्या वयाने मोठ्या. आत्याचे डोळे अधू झाले होते, पण हात स्थिर होता. तिच्या शेजारणीचा हात कापायचा, पण डोळे शाबूत होते. दोघी मिळून चोख काम द्यायच्या. मधे पत्रा आला आणि दोघी नापास झाल्या.

त्यांना निरोप समारंभ नव्हता. फाटकावर रखवालदाराने ओळखपत्रं काढून घेतली. माझी आत्या त्यालाही “येते रे बाबा” म्हणाली.

त्या रात्री जेवताना मला म्हणाली, “भातुकलीतलं जेवण खरं समजून कुणी हात धुऊन पानावर बसतं का गं?”

अध्यक्ष महोदय, हे सगळं मी पोटात ठेवलंही असतं. पण आपण आपल्या भाषणात सांगितलंत की नदीपलीकडच्या नव्या कारखान्याचं वाइंडिंग याच मॉडेलवर उभं राहणार आहे, आणि सर ते घेऊन तिकडे जात आहेत. तिथे पत्रे नंतर बसवायची गरज पडणार नाही, कारण ते नकाशातच असतील.

माझ्या भाषणानंतर सरांच्या हस्ते मला नोकरीत कायम केल्याचं पत्र मिळणार आहे. ते पुष्पगुच्छाशेजारी तबकात ठेवलंय, इथून दिसतंय. म्हणून आज सकाळी आत्या मला दम देत होती. “बये, गप्प बस. माझं झालं ते झालं. कुणाच्या निरोपात विष कालवू नये.” मी म्हटलं, “आत्या, त्या नव्या कारखान्यातही कुणाची तरी आत्या असेलच ना?” ती भाकऱ्या थापायला वळली. पण बघा, आलीय.

हा पेन ड्राइव्ह मी आपल्यासमोर ठेवते. यात मूळ मॉडेल आहे, नजरेसकट. खराब मोटारींचा राहिलेला भागही मी बांधून पूर्ण केलाय. चालवायला चहा होईपर्यंतचा वेळ लागतो. यात बायका मधून मधून पिवळ्या होतात, कॉइल थोड्या कमी निघतात, आणि मोटारी परत येत नाहीत. आपण ते स्वतः चालवून बघावं आणि तोवर दुसरं मॉडेल नदीपलीकडे जाऊ देऊ नये, एवढंच मागते. ते पाठवायचंच ठरलं, तर त्यावरचं माझं नाव पुसा आणि तबकातलं ते पत्रही तिथेच राहू द्या.

सर, आपण मला रांग का लागते ते विचारलं होतं. रांगेत कोण उभं आहे हे आपण एकदा तरी विचाराल, असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. आपल्या प्रकृतीस आणि कुटुंबास मनापासून शुभेच्छा. कामाला मात्र मी आज शुभेच्छा देऊ शकत नाही.

मला बोलू दिल्याबद्दल संयोजकांची आभारी आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, काही शब्द अधिक-उणा गेला असेल, तर पोटात घाला. फक्त समारंभाचा वृत्तान्त लिहिताना माझ्या भाषणातला पिवळा भाग तेवढा काढून टाकू नका.