मेहंदीच्या खोलीतला उजेड

रामलिंग : हा बगा ताई, दुकानातला सगळ्यात भारी कॅमेरा. तीस पट झूम. गच्चीवरनं चंद्रावरचे डाग दिसत्यात.

जिक्रा : रामलिंगभाऊ, मला चंद्र काढायचा न्हाई. मला मेहंदीला बसलेल्या बायका काढायच्यात. बारकी खोली, वर एकच पिवळा बल्ब. तिथं झूम करून काय बगू? समोरचीच्या नाकातली चमकी?

हसीना : मी कवाची सांगून राहिले, ते काम मुज्तबाला दे म्हनून. तुझ्या भावाकडं मोठा कॅमेरा हाय, लाइटी हायत.

जिक्रा : अम्मी, मुज्तबा बायकांच्या खोलीत जाईल कसा? म्हनून तर शिरूरवाल्यांनी शुक्रवारच्या मेहंदीला मला बोलावलं.

हसीना : मागल्या लग्नालाबी बोलावलंच होतं की! काय झालं, सांग भाऊंना.

जिक्रा : सांगते, त्यात काय लपवायचं! मुज्तबाचाच कॅमेरा नेला होता. पहिला फ्लॅश उडाला, आन् सगळ्यांचे हात आपोआप डोक्यावर. ओढण्या पार तोंडावर. मग काढले तेवढ्या फोटूंत निस्त्या ओढण्या.

रामलिंग : नवरीचं तरी तोंड आलं का?

जिक्रा : नवरीची ओढनी तर सगळ्यात आधी तोंडावर.

हसीना : नवरीची आई म्हनली, हे कापडदुकानाचे फोटू हायत का? शरमेनं मेले मी.

जिक्रा : शुक्रवारीबी तसंच झालं, तर लातुरात मला कुनी दारात उभं करनार न्हाई. म्हनून फ्लॅशच नको.

रामलिंग : मग मोबाइल हाय की. आजकाल अंधारातबी...

जिक्रा : करून बगितलं. मोबाइल म्हनतो, हलू नका. ढोलकवाली हलली न्हाई तर वाजवील काय? बोटं सगळी पुसल्यासारखी येतात. ज्याची काच जास्त उघडती, आतला सेन्सर मोठा हाय, असा दाखवा. झूम कमी असलं तर असू द्या.

रामलिंग : मग हा. एक पॉइंट आठची लेन्स. पन लई बारका दिसतो, ताई. लग्नात मोठा कॅमेरा असला की रुबाब पडतो.

जिक्रा : रुबाब पडला की बायका गानं बंद करतात. बारकाच पायजे. दिवे घालवा, शटर ओढा. काढून बगते.

रामलिंग : भर दुपारी शटर? गिऱ्हाईक म्हनंल, मालक झोपले.

जिक्रा : म्हनू द्या. बगितल्याबिगर मी घेत न्हाई. मागचा तेवढा बल्ब राहू द्या.

रामलिंग : बरं बाई. मी बाहेर पायरीवर थांबतो. मावशीला मोकळं बसता येईल.

हसीना : मला? माझा फोटू? तौबा! आधार कार्डावरबी मी डोळे मिटले होते.

(शटर खाली येतं. दुकानात मागच्या बल्बचा पिवळा उजेड.)

हसीना : जिक्रा, माझ्याकडं धरू नको ते.

जिक्रा : न्हाई धरत. अम्मी, मेहंदीत तुम्ही समधनीला चिडवायचं गानं म्हनता ना, ते सुरू कसं होतं?

हसीना : आता? हितं?

जिक्रा : ढोलक न्हाई तर काउंटर हाय.

हसीना : अगं, त्यात समधनीच्या नथीची अशी फजिती हाय... थांब, ठेका असा धरायचा. असा. मग दुसऱ्या बाजूच्या बायका उठून... या अल्ला! रामलिंगभाऊ बाहेर ऐकून राहिले असतील!

रामलिंग : मला काय बी ऐकू येत न्हाई, मावशी! नथीचं पुढं काय झालं?

हसीना : तौबा, तौबा! हसून हसून पोट दुखायलं. चल, काढ तुझा फोटू. मी ओढनी घेते.

जिक्रा : काढले की.

हसीना : कवा? उजेड तर पडला न्हाई.

जिक्रा : तेच तर पायजे होतं. हा बगा, ठेका धरताना. बोटं बगा, एकबी पुसलं न्हाई. आन् हा हसताना.

हसीना : बगू, हिकडं आन. ही मी हाय?

जिक्रा : अम्मी? सांगा आता. मुज्तबाला देऊ काम?

हसीना : त्याला कशाला? त्याच्यापुढं कोन असं हसंल?

जिक्रा : भाऊ, शटर उघडा. हाच घेते.

रामलिंग : हा निस्ता दाखवायला ठेवलेला हाय, ताई. नवा डबा काढतो.

हसीना : नवा नको. हाच द्या. ह्यात माझा फोटू हाय.

जिक्रा : तुम्हाला तर फोटू नको होता!

हसीना : मला नकोच. तुझ्या अब्बाला दाखव. ते म्हनतात, मी हसतच न्हाई.