खुराड्यातलं खापर

टिंटॅजेल गावात पेस्टीच्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांच्या, दुकानात रांगेत लोवेनाच्या पुढेच म्हातारी केरेन्सा आणि तिचा भाऊ पास्को कुजबुजत होते. लोवेनाने कान टवकारले.

"आर्थर राजाच्या गडावर खणणारी ती बाई रोज माझ्याकडे अंडी घ्यायला येते."

"येईना का! गिऱ्हाईक आहे."

"अंडी घेते, पण नजर खुराड्यातल्या खापरावर."

"कोंबड्या ज्यात पाणी पितात, त्या?"

"आजोबांनी गडावरून उचललेलं. तश्शाच खापराचा फोटो काल पेपरात छापलाय. दीड हजार वर्षांपूर्वीचं, म्हणे!"

"अगं, मग लपव की!"

"कालच लपवलं."

"कुठे?"

"पहिल्याच दिवशी बाई सरळ परसातल्या खुराड्यापाशी गेली, पास्को. तिला कोणी सांगितलं?"

"मला काय ठाऊक! पण खापर ठेवलंस कुठे?"

"आधी तू सांग, रविवारी पबमध्ये तिनं तुला बिअर कुठल्या आनंदात पाजली?"