तीन ओळींत विकलेला कळप

(निरवांगीचं वाचनालय, दुपार. टेबलामागं ग्रंथपाल सोनम. गेणबा टेबलापुढं उभा, हातात नवंकोरं पुस्तक.)

सोनम : आबा, ‘आभाळवाट’चा सहावा भाग चार वर्षं तुमच्याच नावावर पडलाय. आधी तो आणा.

गेणबा : त्यो कालव्यात गेला. मीच फेकला. हा घे, बारामतीतनं नवा आणलाय.

सोनम : वाचनालयाचं पुस्तक फेकलंत?

गेणबा : मग काय पुजा करू त्याची? पाच भाग ती भागूबाई यानातनं मेंढरं घिऊन ग्रहाग्रहावर हिंडली. गुरूजवळ कोकरू जल्मलं तवा रडलोय मी. आन् सहाव्यात लेखकानं तीन ओळीत कळप इकला! भागूबाई मंगळावर बंगल्यात, हसतीय!

सोनम : सातवा, आठवा तर त्याहून भंगार आहेत. आठव्यात ती दुसऱ्याची मेंढरं राखते आणि त्यांना नंबरानं हाका मारते.

गेणबा : नंबरानं? धनगराची बाई? त्या लेखकानं कधी मेंढरू बघितलंय का जवळनं? तोंडावरनं वळखत्यात त्यास्नी!

सोनम : म्हणून म्हणते, मधले सोडा. सरळ नववा न्या. ती कळप शोधायला परत निघते. एकदम झकास आहे.

गेणबा : न्हाय. सहाव्यापासनं वाचणार.

सोनम : कशाला डोकं तापवून घेताय? आबा, रागावू नका... तुम्ही मेंढरं विकली, ती हा भाग नेलात त्याच साली ना?

गेणबा : त्याच दिशी. टेंपो आला तवा मी आत ह्योच भाग वाचत बसलो हुतो. दावी माझ्या पोरानं, सिद्धूनं सोडली. त्या तीन ओळी आल्या, आन् भाइर टेंपोचा फाळका लागल्याचा आवाज.

सोनम : मग राग पुस्तकावर का काढलात?

गेणबा : निम्मा माझ्यावरचा हुता. निम्मा त्या लेखकावरचा, त्यो अजून हाय. वंगाळ ल्हिलंय ते वंगाळच.

सोनम : तरी वाचणार?

गेणबा : मधलं गाळलं तर ती माघारी फिरली ते मला पटंल कसं? कुठं कुठं भरकटली ते बघाया नगं?

सोनम : बघा बाबा. एका वेळी एकच पुस्तक मिळेल, नियम आहे.

गेणबा : एकच दे. सहावा.

सोनम : घ्या, शिक्का मारला. पंधरा दिवसांत आणा, आणि घरी निवांत वाचा.

गेणबा : घरी नगं. हितं दारात बसतो. ह्या खेपंला आत बसून वाचायचं न्हाय.